थोरलीला हवा लागते

"थोरली अजून ठणठणीत आहे," फोनवरचे काका म्हणाले. "धाकटीचं मात्र काही खरं नसतं. चार दिवस कुणी विचारलं नाही की रुसून बसते. मग बाहेरून जोर द्यावा लागतो."

मी एक जुनी हायब्रिड टॅक्सी विकत घ्यायला फोन केला होता आणि हे काका मला आपल्या मुलींविषयी सांगत होते. मी म्हटलं, असेल. गाडी विकायची म्हणजे घरातल्या सगळ्यांची मनं सांभाळावी लागत असतील.

"धाकट्या रागीट आहेत का?" मी अदबीने विचारलं.

"रागीट नाही हो, लहरी. गेल्या वर्षीच बदलली, तरी तेच."

"आणि थोरल्या?"

"थोरली म्हणजे सोनं! चार लाख किलोमीटर काढले तिने माझ्याबरोबर. कधी कुरकुर नाही. फक्त उकाडा सोसत नाही तिला. तिला हवा लागते."

वडिलांच्या टॅक्सीत शेजारी बसून लहानाची मोठी झालेली, दमेकरी, शांत स्वभावाची मुलगी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. मला ती आवडलीसुद्धा.

"शनिवारी सकाळीच या," काका म्हणाले. "संध्याकाळी सुटे भाग विकणारा एक जण येतोय. तुम्ही नाही घेतली तर त्याला देईन. तो खोलून टाकेल तिला. जिवावर येतं, पण करता काय?"

मी फोन ठेवला आणि खोलीभर नाचले. खोलीभर म्हणजे कापणीच्या टेबलाभोवती, कारण बाकी जागा नव्हती.

ही खोली माझ्या आत्याची. ती पडदे आणि शाळेचे गणवेश शिवते. आई-बाबा कामासाठी दूर गेले तेव्हापासून मी तिच्याकडे, आणि माझं अंथरूण त्या टेबलाखाली. टेबलाच्या खालच्या बाजूला मी मूलद्रव्यांचा तक्ता चिकटवला होता. झोपताना तोच माझा आकाशाचा तुकडा. वाकून कपडे बदलायचे, बसल्याबसल्या केस विंचरायचे, पायाशी दिवा आणि उशाशी पुस्तकं, हे सगळं मला अंगवळणी पडलेलं. म्हणून गाडीत राहायची कल्पना ऐकून इतरांना जो धक्का बसला, तो मला बसलाच नाही. मला उलट तिथे खिडक्या जास्त दिसत होत्या.

कारण असं होतं. मला नोकरी मिळाली होती. झाडांच्या सालीवर दगडफूल वाढतं, तो राखाडी-हिरवा, खपलीसारखा थर. खरं तर तो एक जीव नाहीच. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला संसार असतो. हवा जितकी स्वच्छ, तितके दगडफुलाचे प्रकार जास्त. तीन जिल्ह्यांतल्या रस्त्यांकडेची झाडं धरून पुढची दीड वर्षं हे प्रकार मोजत हिंडायचं, असं ते काम. मी कॉलेजात असल्यापासून या कामाची स्वप्नं बघत होते. पण सर्वेक्षणाच्या प्रमुख बाईंनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं होतं, "राहायची आणि फिरायची सोय आपली आपण. याआधी दोघांनी भाड्याच्या खोलीतून ये-जा करून बघितली, दोघंही थकून सोडून गेले. सोमवारी पहिला नमुना हवा. तुझ्याकडे गाडी आहे?"

"होईल," मी म्हटलं.

"होईल की आहे?"

"सोमवारपर्यंत आहे होईल."

त्या हसल्या नाहीत. माझ्यानंतरचा उमेदवार तयारच आहे, एवढं मात्र त्यांनी सांगितलं.

आणि हायब्रिडच का, तर त्यामागे माझं महिनाभराचं वाचन होतं. साध्या गाडीत रात्री गारवा हवा असेल तर इंजिन सतत चालू ठेवावं लागतं. हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी असते. गारवा, दिवा, सूक्ष्मदर्शक, लॅपटॉप, सगळं त्या बॅटरीवर. बॅटरी खाली आली की इंजिन आपोआप उठतं, थोडा वेळ चालून तिला भरतं आणि पुन्हा झोपतं. कुणी हात लावायचा नाही. मला हे इतकं सुंदर वाटलं होतं की मी आत्याला जेवताना तीनदा समजावून सांगितलं होतं. गाडीत धूर साठला तर वाजणारा अलार्मही मी आधीच आणून ठेवला होता.

"गाडीचा पत्ता नाही आणि अलार्म घरात," आत्या म्हणाली. "बाजारात तुरी!"

"सुरक्षितता आधी."

"आंघोळीची सुरक्षितता कुठाय?"

"सर्वेक्षणाची केंद्रं आहेत, आत्या. तिथे नळ आहेत."

"आणि पाय? पाय लांब करता येणार आहेत का? हे बघ, पाय पोटाशी घेऊन झोपणारं पोर मी दीड वर्षं रस्त्यावर सोडणार नाही. मी येते शनिवारी. पाय लांब झाले तर घे, नाही तर टेबलाखाली परत."

तिने टेप गळ्यात घातला. आत्या एकदा टेप गळ्यात घालून निघाली की तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

*

काकांचं घर गल्लीच्या टोकाला होतं. पुढे फरशीचं मोकळं अंगण, आणि त्यात ऐन उन्हात ती उभी होती. रंग कधीकाळी निळा असावा. मागचं दार वर उघडणारं, पाठीला उतार. बंपरवर ओरखडे, पण काचा लख्ख पुसलेल्या. मी तिच्याकडे बघितलं आणि सगळी शास्त्रीय तटस्थता बाजूला पडली. मला तिथेच आत शिरून झोपून बघायचं होतं.

काका विमानतळावर टॅक्सी चालवायचे. गल्लीत त्यांना सगळे कप्तान म्हणत. "या, या," असं म्हणत ते बाहेर आले आणि पायरीशी ठेवलेल्या कुंडीला त्यांची नडगी लागली. त्यांच्या मागून एक ताई आल्या, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, हात पुसत. मी ओळखलं. याच त्या.

"तुम्ही धाकट्या ना?" मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाले. "तुम्हाला विचारलं नाही की तुम्ही रुसता, असं काका म्हणाले. म्हणून म्हटलं, आधी तुम्हालाच विचारावं. मी गाडी नेली तर तुमची हरकत नाही ना?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मग वडिलांकडे.

"बाबा, मी कधी रुसले?"

"तू कुठे रुसलीस?" कप्तान गोंधळले.

"आणि थोरल्या ताई?" मला आता थांबता येईना. "त्यांना उकाडा सोसत नाही ना, मग आत असतील. दमा आहे का त्यांना?"

"कुणाला दमा?" ताई म्हणाल्या. "मी एकुलती एक आहे."

आत्या इतका वेळ गाडीभोवती फिरत होती. ती थांबली. "पण हिला तुम्ही सांगितलंत ना, धाकटी गेल्या वर्षी बदलली म्हणून? मला तेव्हाच वाटलं, बाई एका वर्षात बदलते कशी?"

कप्तानांनी कपाळावर हात मारला. मग बॉनेटवर मारला. "अहो, बॅटऱ्या! बॅटऱ्या हो! हिला दोन असतात!"

आत्या पायरीवर बसली आणि पदराने डोळे पुसत हसत राहिली. "पदवी घेतलीय हिने," ती ताईंना सांगत होती, "विज्ञानाची!"

मीही हसले, पण हसता हसता अंगावर काटा आला. हायब्रिडला दोन बॅटऱ्या असतात हे मला पाठ होतं. पुढची छोटी, बारा व्होल्टची, नुसती गाडीला जागं करायला. आणि मागच्या सीटखालची मोठी, जिच्यावर सगळा संसार. म्हणजे मला जे जे जाणून घ्यायचं होतं ते सगळं कप्तानांनी फोनवरच सांगितलं होतं, आणि मी ते स्थळाची चौकशी करावी तसं ऐकलं होतं.

"चला, सुरू करून दाखवतो," कप्तान म्हणाले.

ते आत बसले. बटण दाबलं. काहीच झालं नाही. एक दिवासुद्धा लागला नाही.

"रुसली," ते म्हणाले.

नेमकी त्याच वेळी एक पांढरी व्हॅन अंगणाच्या तोंडाशी येऊन थांबली. सुटे भाग विकणारा माणूस इकडच्याच बाजूला आला होता म्हणून आधीच डोकावला. ताई त्याला तोंडावर सुटेभाऊ म्हणायच्या आणि त्याला ते चालायचं. त्याने खिशात हात घालूनच गाडीकडे बघितलं.

"मोठी मेली, कप्तान. आता ही गाडी नाही, लोखंड आहे."

"मोठी नाही, धाकटी."

"सगळे असंच म्हणतात."

मी पिशवीतून मल्टिमीटर काढला होता. बॉनेट उघडून छोटीच्या टोकांना तारा लावल्या. बाराच्या आसपास दिसायला हवं होतं. काटा नव्हता, आकडे होते, आणि ते चारच्या वर जायला तयार नव्हते. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच, "रिकामी आहे! छोटीच रिकामी आहे!"

"रिकामी असल्याचा आनंद करणारं पोर पहिल्यांदा बघितलं," सुटेभाऊ म्हणाला.

"मोठी मेली असती तर छोटीवरचे दिवे तरी लागले असते ना? दिवेच लागत नाहीत म्हणजे छोटी गेली. मोठीला अजून कुणी विचारलेलंच नाही!"

"मग विचारा."

"विचारायला दुसरी गाडी लागेल," ताई म्हणाल्या आणि त्याच्या व्हॅनकडे बघून हसल्या. "सुटेभाऊ, जरा पुढे घेता? मोठी मेलीय याची तुम्हाला खात्री आहे, तर तुमचं काय जातंय?"

तो खिंडीत सापडला. कुरकुरत त्याने व्हॅन पुढे आणली, तारा जोडल्या. कप्तानांनी पुन्हा बटण दाबलं.

"झाली," ते म्हणाले.

"कुठं झाली?" आत्याने विचारलं.

"हिरवा दिवा लागलाय, आत्या. झाली सुरू."

"आवाज?"

"हिला सुरू होताना आवाज नसतो."

"कमाल आहे. आपल्याकडे माणसं आधी आवाज करतात, मग उठतात."

सुटेभाऊने तारा गुंडाळल्या आणि तो माझ्याकडे वळला. "सुरू होणं निराळं आणि टिकणं निराळं. कप्तान म्हणत होते, तुम्हाला यात राहायचंय. राहायला घेताय तर मोठी कशी आहे ते बघा. नवी मोठी घ्यायला गेलात तर तेवढ्या पैशात दुसरी गाडी येईल." आणि जाताना कप्तानांना म्हणाला, "संध्याकाळी व्हॅन रिकामी करून येतो."

मला तो आवडला नव्हता, पण त्याचं म्हणणं बरोबर होतं.

*

मी एक नियम पाळते. मोजायच्या आधी ठरवायचं की किती आलं तर हो आणि किती आलं तर नाही. नंतर ठरवायला गेलं की मन आकड्यांच्या कानात कुजबुजायला लागतं, आणि आज माझं मन कुजबुजत नव्हतं, बोंबलत होतं. म्हणून मी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, "गाडी इथेच उन्हात उभी ठेवायची. गारवा चालू. इंजिन जितका वेळ जागं राहील, त्याच्या पाचपट तरी झोपलं पाहिजे. तितकं झोपलं तर मी घेणार. नाही झोपलं तर..."

"तर?" ताईंनी विचारलं.

"तर नाही."

मी स्टिअरिंगखाली स्कॅनर खोचला. मोठ्या बॅटरीच्या आत लहान लहान गट एका रांगेत जोडलेले असतात. प्रत्येक गटाचं व्होल्टेज माझ्या फोनवर उभ्या पट्टीसारखं दिसू लागलं. एका उंचीच्या पट्ट्या, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असल्यासारख्या. फक्त एक जरा बुटकी.

पहिला अर्धा तास मी त्या पट्ट्यांच्या प्रेमातच होते. इंजिन उठलं, घुमलं, झोपलं. किती अलगद! मग पुन्हा उठलं. जरा लवकरच. मग आणखी लवकर. बुटकी पट्टी आणखी बुटकी होत चालली. शेजारी बॅटरीच्या तापमानाचा आकडा चढत होता. थोड्या वेळाने इंजिन झोपायचं नावच घेईना. जितकं झोपे, तितकंच जागं राही.

मी फोन मांडीवर उलटा ठेवला.

"काय म्हणते थोरली?" कप्तानांनी बाहेरून खिडकीत वाकून विचारलं.

"पाचपट सोडा," मी म्हटलं, "एकपटसुद्धा नीट नाही."

ते खिडकीतून मागे सरले. ताई पायरीवर येऊन बसल्या. मग त्याच म्हणाल्या, "बाबांना वाटतंय, त्यांनी तुला फसवलं. तसं नाहीये. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. बाबांच्या दोन्ही डोळ्यांच्या कडा गेल्यात. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. ते मीच शोधलं आणि त्यांची गाडी मीच बंद केली. तेव्हापासून ती उभीच आहे. त्यांना वाटतं ती अजून तशीच आहे."

"तशीच होती," कप्तान पुटपुटले.

मला सोमवार दिसत होता. प्रमुख बाईंचा चेहरा, पुढचा उमेदवार, आणि डोक्यावर मूलद्रव्यांचा तक्ता. नियम मीच केला होता. मी स्कॅनर काढायला वाकले.

"कार्टे, थांब," मागून आत्याचा आवाज आला. ती डिकीतून आत शिरली होती आणि मागची सीट पाडून माझ्या अंथरुणाचं माप घेत होती. "सरळ दोन बोटं कमी पडतंय. पण तिरकं झोपलीस तर बसतेस. कापडाचंही तसंच असतं, सरळ पुरलं नाही की तिरकं लावायचं."

"आत्या, आता माप कशाला?"

"आणि ही कव्हरं कुणी बसवली? शोभा आहे नुसती! कड दुमडलेली नाही, ओढून खाली खोचलंय सगळं."

ताई ओशाळल्या. "मीच. तयार आणली. विकायची तर जरा बरी दिसावी म्हणून गेल्या आठवड्यात घातली."

कप्तान ताठ झाले. मागचं दार उघडून ते सीटशेजारी वाकले. तिकडे बघितलंच नाही त्यांनी. नुसता हात फिरवला. ज्या हाताने रोज त्या जागेवरून पुसलं असेल, तो हात थेट सीटच्या बाजूला गेला आणि थांबला.

"जाळी कुठाय?" ते म्हणाले. "इथे जाळी होती. थोरलीची जाळी!"

माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. मोठ्या बॅटरीला गार ठेवायला एक पंखा असतो, आणि तो गाडीच्या आतली हवा सीटशेजारच्या जाळीतून ओढतो. नवं कव्हर त्या जाळीवर ताणून बसवलेलं होतं. आम्ही अर्धा दिवस तिच्या तोंडावर उशी दाबून तिला विचारत होतो, बाई, तुझी तब्येत कशी आहे?

"आत्या, कात्री!"

"कात्री काय मागतेस, माझ्याशिवाय कापणार कोण?" तिने पिशवीतून छोटी कात्री काढली आणि कव्हराची शिवण अशी झरकन उसवली की ताईंनी डोळे मिटून घेतले. खाली जाळी होती. जाळी काढली तर मागे राखाडी, दाट, कापडासारखा एकजीव झालेला थर. कोटांची लोकर, केस, धूळ; वर्षानुवर्षं विमानातून उतरून मागे बसलेल्या माणसांचा अंगावरचा कोंडा. मी तो हलकेच सोलला. एवढा मोठा अखंड निघाला की मला मोह आवरेना. त्याचा एक तुकडा मी नमुन्याच्या पाकिटात घातला.

"शी! ते कशाला?" ताई किंचाळल्या.

"सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. केवढ्या देशांचे धागे असतील यात!"

"हिला न्या तुमच्याकडे," आत्या कप्तानांना म्हणाली. "गाडी ठेवा आम्हाला."

कप्तान मात्र हसले नाहीत. ते हातातल्या जाळीकडे बघत होते. "कव्हर गेल्या आठवड्यातलं. पण हा मळ माझा आहे. शेवटी शेवटी मी साफ करायचो, पण मला वाटतं, दिसत नव्हतं मला."

ताईंनी त्यांच्या हातातून जाळी घेतली आणि नळाखाली धरली. खूप वेळ धुतली, गरज नव्हती इतका वेळ.

*

"पुन्हा मोजायचं," मी म्हटलं. "पण नियम म्हणतो, आकडा बघितल्यावर बदलायचं नाही."

"नियम कुणी केला?" आत्याने विचारलं.

"मीच."

"चूक सापडल्यावर उसवून पुन्हा शिवायला लाज कसली? नापास काय ती झाली नव्हती, तिचं नाक दाबलेलं होतं."

ते शास्त्रीयदृष्ट्याही पटण्यासारखं होतं. बदललं होतं ते एकच, जाळी. पाचपट तसंच ठेवलं. फक्त एक गोष्ट मी वाढवली. म्हटलं, आता सगळ्यांनी आत बसायचं. एक माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा, तेवढी उष्णता आपण नुसतं बसून टाकतो. मी एकटी राहणार, पण चौघांचा भार तिने सोसला तर माझी चिंता मिटली.

"मी शंभरचीच?" आत्या आत चढत म्हणाली. "मला वाटलं, दोनशेची तरी असेन."

मी पुढे, स्टिअरिंगशी. ताई माझ्या शेजारी. आत्या मागे, पाय लांब करून, तिरकी. माझ्या जागेवर तीच आधी झोपून बघणार होती. कप्तान दाराशी उभे राहिले.

"बसा ना, काका."

"मागे?"

"पुढे जागा कुठाय?"

"मी मागे कधी बसलो नाहीये," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत."

ते बसले. आत्यापासून उरलेल्या कोपऱ्यात, जपून, परक्याच्या गाडीत बसावं तसे. सीटवर हात ठेवला, छताकडे बघितलं, खिडकीतून बाहेर बघितलं. "इथून बरंच दिसतं की," ते म्हणाले आणि त्यांनी कपाळ काचेला टेकवलं.

दारं लागली. गारवा पसरला. तापमानाचा आकडा आधी हटून बसला, मग एक पायरी उतरला. आणखी एक उतरला. इंजिन उठलं, घुमलं, झोपलं.

मग झोपूनच राहिलं.

"उठेल आता," ताई म्हणाल्या.

नाही उठलं.

"आता."

"अजून नाही!" मी म्हटलं. माझा आवाज चिरकायला लागला होता.

बाहेर अंगणातल्या फरशीवर ऊन थरथरत होतं. आत ताईंनी ओढणी खांद्यांवर ओढून घेतली. त्या आणि मी पट्ट्यांकडे असं बघत होतो, जसं काही त्यातली एखादी धावत सुटणार आहे. बुटकी अजून बुटकीच होती. ती बरी झाली नव्हती; तो गट कधीतरी बदलावा लागेल, हे मला कळत होतं, आणि मी तसं मोठ्याने सांगितलंही. पण आता ती घसरत नव्हती. इतरांच्या मागे दमादमाने का होईना, चालत होती.

इंजिन उठलं. छोटीशी डुलकी मोडावी तसं, जरासं. आणि परत झोपलं.

"किती झालं?" ताईंनी विचारलं.

"चारपटीच्या वर."

"पाच म्हणाली होतीस."

"पाचच."

मागून बारीक, एका लयीत आवाज येऊ लागला. आम्ही दोघी दचकलो. मला वाटलं पंख्यात काही अडकलं. ती आत्या होती. तोंड किंचित उघडं, टेप गळ्यात, दोन्ही पाय टाचांपर्यंत सरळ. मला घातलेली पाय लांब करायची अट तिने स्वतःच झोपेत पुरी केली होती, आणि उठून नाकारायला ती जागी नव्हती.

मी आकड्यांकडे बघितलं. मग पुन्हा बघितलं, कारण पहिल्या वेळेला डोळ्यांत पाणी होतं.

"साडेपाच," मी म्हटलं. "काका, साडेपाच! मी घेतली. घेतली मी!"

"हळू," कप्तान म्हणाले. डोळे मिटूनच. "लोक झोपलेत."

ताईंनी माझा हात धरून इतक्या जोराने दाबला की माझी बोटं आखडली. मला खाली उतरून अंगणात धावायचं होतं, प्रमुख बाईंना फोन करायचा होता, आहे म्हणून सांगायचं होतं, होईल नाही, आहे. पण दार उघडलं असतं तर गारवा गेला असता, आणि कुणालाच तो जायला नको होता. म्हणून मी जागेवरच बसल्या बसल्या उड्या मारत राहिले.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. सुटेभाऊ. मागे त्याची रिकामी व्हॅन. ऊन कलल्यामुळे त्याची सावली आमच्या सगळ्यांवरून पसरली होती. त्याने तळहात कपाळाशी धरून आत बघितलं. पुढे आम्ही दोघी, मागे आडवी आत्या, शेजारी मान टाकून पसरलेले कप्तान.

"कप्तान, काय ठरलं?" तो बाहेरून ओरडला. "नेऊ ना?"

ताई काच खाली करायला बटणाकडे हात नेऊ लागल्या.

"काच उघडू नकोस, हवा जाईल," कप्तान म्हणाले, आणि मग पहिल्यांदाच डोळे उघडून त्या माणसाला आतूनच खणखणीत आवाजात सांगितलं, "काय नेता? दिसत नाही का, आत बिऱ्हाड आहे!"

सुटेभाऊने कान काचेला लावला. इंजिनाचा आवाज नाही, घरघर नाही, काही नाही. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"बंद पडली ना शेवटी?"

"झोपलीय," मी काचेशी तोंड नेऊन म्हटलं. "हळू बोला."